घर राखणारी मासोळी



वर्धापनदिनी पाककृती, आरोग्य किंवा मुलांचे संगोपन यांवर बोलावयाचे, असा आपला प्रघात. पण यंदा आपल्यापैकी तीन-चार घरांत मुलांनी एकच हट्ट धरला आहे : समुद्रातला रंगीत मासा काचेच्या टाकीत पाळायचा! 2003 सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे तो मासा मुलांच्या ओळखीचा झाला. म्हणून चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले. पुण्यास माझ्या धाकट्या दिरांकडे अशी टाकी आहे व तिची निगा मी दोन महिने जवळून पाहिली आहे, एवढाच माझा अधिकार.

त्यांच्या टाकीतली मासोळी निमोच्याच कुळातली, पण स्वभावाने फार तापट. रंग किरमिजी, अंगावर तीन पांढरे पट्टे. इंग्रजीत तिला मरून क्लाउनफिश म्हणतात. समुद्रात ती समुद्रफुलात राहते. हे फूल नव्हे, प्राणीच आहे. त्याचे तंतू इतर माशांना डसतात, पण अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे हिला डसत नाहीत. या घरात सत्ता बाईची. मादी पाच-सहा इंचांची, नर तिच्या निम्म्याएवढा. ती हद्द राखते. अंडी सांभाळणे, त्यांना परांनी वारा घालणे हे काम मुख्यतः नराचे. मादी गेली, तर तो नरच पुढे मादी होतो. काहीजणी हसत आहेत. हसा, पण गोष्ट खरी आहे!

आता तिच्या भांडणाविषयी. दिरांनी हौसेने त्याच जातीची दुसरी मासोळी आणून टाकीत सोडली. पहिलीने तिला कोपऱ्यात कोंडले, तिचे पर फाडले. तिसऱ्या दिवशी ती नवी मासोळी मेली. घरातले सारे म्हणाले, “काय भांडकुदळ आहे!” मला मात्र ते पटले नाही. समुद्रात हरणारी मासोळी दहा-वीस हात पळाली की भांडण मिटते. चार फूट काचेत तिने पळावे कोठे? दोष माशाच्या स्वभावाचा कमी, जागेचा जास्त. बायकांनाही हे नाव फार लवकर चिकटते. त्यांना जागा किती दिली होती, हे कोणी मोजत नाही.

म्हणून आधी हिशेब करावा. या जोडीला निदान दोनशे लिटरची टाकी हवी, म्हणजे आपले तेरा-चौदा हंडे पाणी. दर पंधरवड्यास त्यातले दोनेक हंडे बदलावे लागते. बोअरचे क्षारयुक्त पाणी चालत नाही, गाळून शुद्ध केलेलेच लागते. त्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकाचे मीठ नव्हे, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे आणखी क्षार असतात. पाणी आटले तर मीठ मागे राहते, म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. टाकी भरल्यावर लगेच मासा सोडू नये. माशाच्या विष्ठेतला अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतू तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तापट मासा सर्वांत शेवटी सोडावा, आणि त्याच्या जातीचा दुसरा आणू नये.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीवर जातो. या माशाला पंचवीस ते सत्तावीस अंश मानवतात. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र आले, आणि वीज गेली तर हवेच्या पंपाला बॅटरी आली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या दाराशी समुद्र होता व हाताशी नोकरवर्ग. आपल्या घरी ते सारे काम कोणावर पडेल, हे मी सांगावयास नको. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हेही आपण विसरलेलो नाही.

मासा येतो कोठून, हेही विचारावे. फिलिपीन्स, इंडोनेशियाकडे सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याचे प्रकार झाले आहेत. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या कुळातल्या माशांची पैदास हौदात करून दाखविली आहे. घ्यावयाचाच तर असा पैदाशीचा मासा घ्यावा. जिवंत प्रवाळ मात्र कोणी देऊ केले तरी घेऊ नये. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

माझे मत विचाराल, तर दिंद्रुडसारख्या गावी ही मासोळी आणू नये. मुलांना हौस असेल तर गोड्या पाण्यातले गप्पी मासे पाळू द्या. ते कमी पाण्यात राहतात, डासांच्या अळ्या खातात, आणि पाणी बदलण्याचे काम मुलांच्याच हाती देता येते. जिला आपण पुरते घर देऊ शकत नाही, तिला तिच्या घरातून उचलून आणू नये, एवढेच माझे सांगणे.