पात्र आणि पात्रता
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या भाषेत भांड्यालाही पात्र म्हणतात आणि योग्य माणसालाही. युरोपच्या मध्ययुगीन वीरकथांत आर्थर राजाचे सरदार एका पवित्र पात्राच्या शोधात निघतात. पराक्रमी लान्सलॉटला त्याचे पूर्ण दर्शन होत नाही. ते निष्कलंक गॅलहॅडला लाभते.

आपल्याकडेही अशी कथा आहे. गंगांचे सेनापती चामुंडराय यांनी इ. स. ९८१ च्या सुमारास श्रवणबेळगोळ येथे सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती घडविली. तिच्या पायाशी मराठी शिलालेखही आहे. कथा सांगते की, प्रथम अभिषेकाच्या वेळी त्यांच्या मनी कर्तृत्वाचा अभिमान उपजला आणि घडेच्या घडे ओतूनही दूध चरणांपर्यंत पोहोचेना. मग गुल्लकायज्जी नावाच्या वृद्धेने फळाच्या लहानशा कवचातून आणलेल्या दुधाने मूर्ती सर्वांगी न्हाली. त्या वृद्धेचीही मूर्ती तेथे आहे.

बोलीच्या रकमेतून संस्थेची कार्ये चालतात, हे खरे. तिने कलशाचा क्रम ठरतो; पात्रता मात्र भावशुद्धीनेच ठरते. म्हणून नरखेड तालुक्यातील आपल्या प्रत्येक उत्सवात एक कलश बोलीविना, बोली लावू न शकणाऱ्या भाविकासाठी राखून ठेवावा, ही विश्वस्तांना नम्र विनंती.

जय जिनेंद्र.