सोंग, वर्दी आणि आपण

(बुलढाण्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मेहकर-चिखलीकडच्या खेड्यातून जे आले त्यांनी बहुरूपी पाह्यला असंल. खाकी वर्दी, टोपी, हातात छडी. दारात उभा राहून दरडावतो, "चाल ठाण्यात, तुह्यावर वारंट हाय!" नवी सून घाबरते. म्हातारी हसते. तिला माहीत असतं, वर्दी पोलिसाची, पोट आपल्यासारखंच रिकामं. ती पसाभर जवारी घालते. सोंग संपलं.

बहुरूपी ही महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतली जमात. दिवसभर इन्स्पेक्टर, आणि खऱ्या हवालदारानं हाक मारली की हात जोडणारा.

आता दुसरं सोंग. रद्दीत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक सापडतात. त्यातला वेताळ. १९३६ साली अमेरिकेच्या ली फॉकनं तो जन्माला घातला. अंगाला घट्ट कपडे, डोळ्यावर बुरखा, बोटात कवटीची अंगठी. त्याला उडता येत नाही. गोळी लागली तर तो मरतो. बाप मेला की पोरगा तेच कपडे चढवतो. असे एकवीस वेताळ झाले. पण जंगलातले लोक समजतात, चारशे वर्षं हा एकच माणूस, याला मरण नाही. गोरा माणूस, काळी प्रजा, आणि बापाकडून पोराकडे जाणारं आसन! हे आपल्याला कोणी नव्यानं समजावून सांगायला नको. १९३९ चा बॅटमॅनही असाच. अंगात शक्ती नाही, पण बापाचा पैसा आहे.

बहुरूपी आणि वेताळ, दोघांकडे फक्त कपडे. एकाला पसाभर जवारी, दुसऱ्याला जंगलाचं राज्य. फरक कापडात नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. आणि आपल्या देशात त्या डोळ्यात जात बसलेली आहे.

ती नजर हसते तोवर ठीक. एक दिवस ती हसत नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, दारोदार भिक्षा मागून जगणारे. मोबाईलवर अफवा फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली कायदा गेला. नजर गेली नाही.

मग कपडे घालायचेच नाहीत का? घालायचे. १९६६ साली अमेरिकेत ओकलंडच्या काळ्या पोरांनी काळं जाकीट आणि काळी टोपी घातली, ब्लॅक पँथर झाले. पोलिसांच्या मागं ते गस्त घालायचे, हातात बंदूक आणि सोबत कायद्याचं पुस्तक. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी तेच नाव घेतलं. आणि आपल्या वस्तीतला पुतळा पाहा. कोट, टाय, चष्मा, हातात संविधान. ज्याला अंगभर कपडा नाकारला गेला, त्या समाजाचा माणूस कोटात उभा राहिला, हीच पहिली बंडखोरी. पण तो कोट जादूचा नव्हता. त्याच्या आत रात्ररात्र वाचणारा माणूस होता. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याकडून अवतार नाकारायची प्रतिज्ञा घेतली. आपण त्यांचाच अवतार करून टाकला तर ती प्रतिज्ञा मोडली.

आता आपली गोष्ट. चौदा एप्रिलला आपण निळे गमछे बांधतो, मोटारसायकली काढतो, घोषणा देतो. वस्तीतली माय ओट्यावरून बघते. पंधरा एप्रिलला ती विचारते, "बाबू, माह्या रेशन कार्डाचं काय झालं?" आपण मान खाली घालतो. दोस्तहो, त्या घडीला तिच्या डोळ्यात आपण कोण असतो? पँथर की बहुरूपी? बहुरूपी तरी खोटं सोंग आहे हे सांगून पोट भरतो.

मी गोदीत काम करतो. जड नग तिथं एकटा कोणी उचलत नाही. टोळी उचलते. टोळीतल्या कोणाच्याच अंगात शक्ती नसते, तरी नग हलतो. कोणी बुरखा घालून रात्री येईल आणि आपल्याला सोडवील, ही वाट बघणं सोडा. गमछा बांधा, पण सकाळी त्या मायचा कागद हातात घेऊन दहा जण तहसील कचेरीत जा. काम झाल्याबिगर उठू नका. मग ती तुमचे कपडे बघणार नाही. तुमचं नाव विचारील.

जय भीम!