मांडीवरचं बाळ आणि विमानाचा पट्टा

 

आजचा विषय आहे, लहान बाळाला विमानातून नेताना बसवायचं कसं? तुम्ही म्हणाल, पडेगावात बसून विमानाच्या गप्पा कशाला? पण आता कुणाची लेक हैदराबादला असते, कुणाचा मुलगा दिल्लीला. माहेरी बाळंतपण झालं की लेक तान्हं बाळ घेऊन चिकलठाण्याहून विमानात बसते. सोबत आपल्यातलीच एखादी आजी जाते. मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतो, "ताई, बाळाचं तिकीट काढावं लागतं का हो?"

दोन वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर बसू शकतं. त्याचे थोडे पैसे घेतात, पण वेगळी जागा मिळत नाही. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतःची जागा घ्यावीच लागते. जन्माचा दाखला जवळ ठेवा, वयाचा पुरावा मागतात.

आता खरी गोष्ट. नियमात बसतं म्हणजे धोका नाही, असं नसतं. आपल्याला वाटतं, आईने घट्ट धरलं की झालं. हिशोब करून बघा. बाळ आठ किलोचं आहे. विमान एकदम थांबलं आणि झटका पाचपट बसला, तर हाताला ओढ चाळीस किलोची लागते. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. कुठल्याही आईचे हात तिथे पुरत नाहीत. त्यात तिच्या मायेची काही कसूर नसते.

काही जणी म्हणतात, "विमान पडलं तर पट्ट्याने काय होणार? सगळंच संपलं." तसं नसतं. २६ एप्रिल १९९३ ला आपल्याच चिकलठाण्याला उड्डाण घेताना विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. विमानात ११८ माणसं होती. ५५ गेली, पण ६३ वाचली. म्हणजे अपघातातूनही माणसं वाचतात. म्हणून कोण कसं बसलं होतं, याला किंमत असते.

अमेरिकेत १९ जुलै १९८९ ला सू सिटी इथे एक मोठं विमान कोसळलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या विमानात चार मुलं अशी होती, ज्यांना स्वतःची जागा नव्हती. जॅन ब्राउन ही तिथली मुख्य हवाई सेविका. तेव्हाच्या सूचनांप्रमाणे तिने आयांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा. त्यातलं एक मूल गेलं. पुढे कित्येक वर्षं ही बाई सरकारकडे एकच मागणी करत राहिली, प्रत्येक बाळाला स्वतःची जागा आणि पट्टा द्या. तिकडच्या विमान खात्याने २००५ मध्ये सक्ती नाकारली. कारण दिलं की तिकीट महागलं तर लोक मोटारीने जातील आणि रस्त्यावर धोका जास्त आहे. पण तेच खातं आजही सांगतं, बाळाला स्वतःच्या जागेवर, त्याच्या खुर्चीत बसवणं सगळ्यात चांगलं.

मग आपण काय करायचं? परवडत असेल तर बाळाची जागा घ्या. नुसती जागा घेऊन भागत नाही, कारण मोठ्यांचा पट्टा तान्ह्याला बसत नाही. मोटारीत वापरतात तशी बाळाची खुर्ची लागते, आणि तीही विमानात चालणारी. तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करून विचारा, कोणती खुर्ची चालेल.

परवडत नसेल तर मन खाऊ नका, पण एवढं करा. बसल्या बसल्या बाळासाठीचा छोटा जोडपट्टा मागून घ्या. तो आईच्या पट्ट्यात ओवतात आणि बाळाच्या पोटाभोवती लावतात. हवेत विमान हादरलं तर बाळ वर उडत नाही. मोठ्या धडकेत मात्र त्याचाही पुरता भरवसा नाही. आपल्या एकाच पट्ट्यात आई आणि बाळ दोघांना कधीही बांधू नका. झटक्यात आईचं सगळं वजन बाळावर येतं. ओढणीची झोळी म्हणजे पट्टा नव्हे. बाळ घेऊन वाटेकडच्या जागेवर बसू नका, तिथे गरम चहाची गाडी येते आणि वरच्या कप्प्यातून बॅग पडू शकते. तोंडाला लावायचा प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर आधी स्वतःला लावा, मग बाळाला. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर बाळाला कोण बघणार?

आणि विमानतळापर्यंत मोटारीने जाताना बाळाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. झटक्याचा हिशोब रस्त्यावरही तोच आहे. २०१९ च्या कायद्याने मोटारीत चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा त्यांची खुर्ची सक्तीची आहे.

पुढच्या बैठकीत हे एकमेकींना सांगा. ज्यांच्या घरी प्रवास ठरलाय, त्यांना तर आजच सांगा.