थकव्याला आळस म्हणू नका

(हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मघाशी ताईंनी सांगितलं, की मी कोरोनानंतरच्या व्यायामाबद्दल बोलणार आहे. तेव्हा मागून कोणीतरी हसून म्हणालं, "आम्हाला कशाला व्यायाम? दिवसभर वावरातच असतो की!" तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. भरती व्हावं लागलं नाही. पंधरा दिवसांत ताप गेला, घरच्यांना वाटलं सुटलो. मी मात्र बरी झाले नव्हते. एक हंडा पाणी आणलं की धाप लागायची. भाकरी थापताना हात गळून जायचे. ज्या दिवशी जरा बरं वाटे, त्या दिवशी मी साचलेलं सगळं काम उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. एका दवाखान्यात सांगितलं, "रिपोर्ट चांगले आहेत. अंगात आळस भरलाय. रोज तासभर भरभर चाला." मी चालले. आठ दिवसांत संडासपर्यंत जाणंही जड झालं. आणि दोष कोणाला दिला? स्वतःलाच.

या दुखण्याला लाँग कोविड म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. हे नाव कुठल्या मोठ्या संस्थेने दिलेलं नाही. मे २०२० मध्ये इटलीतल्या एलिसा पेरेगो या आजारी संशोधक बाईने ते वापरलं आणि ठिकठिकाणच्या रुग्णांनी उचलून धरलं. जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. कोरोनाला तीन महिने झाले तरी थकवा, धाप, विसराळूपणा अशा तक्रारी आहेत, त्या किमान दोन महिने टिकल्या आहेत आणि दुसरं कारण सापडत नाही, तर हा आजार समजावा. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

आपल्या जिल्ह्यातले खासदार राजीव सातव १६ मे २०२१ ला गेले, ते सगळ्यांना आठवतं. गेलेल्यांची निदान नोंद झाली. अर्धवट बऱ्या झालेल्यांची नोंद कोणी ठेवली?

आता व्यायामाचं. व्यायाम वाईट असं मी म्हणत नाही. जे बरेच दिवस दवाखान्यात पडून होते, त्यांचे स्नायू झिजतात. त्यांना हळूहळू वाढवलेल्या व्यायामाचा उपयोग होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. दवाखान्यात राहून आलेल्या रुग्णांकडून देखरेखीखाली आठ आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांना काही प्रमाणात फायदा झाला. पण त्याच वर्षी जानेवारीत अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दुसरी बाजू दाखवली. श्रमानंतर ज्यांचा त्रास वाढतो अशा पंचवीस रुग्णांना त्यांनी सायकल चालवायला लावली आणि आधीचे व दुसऱ्या दिवशीचे स्नायू तपासले. श्रमानंतर स्नायूंची इजा वाढलेली दिसली. म्हणजे दुखणं मनाचं नव्हतं, मांसात होतं.

म्हणून सगळ्यांना एकच सल्ला चालत नाही. आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: "आज केलेल्या कामाचा त्रास उद्या-परवा वाढतो का?"

वाढत असेल, तर जोर लावू नका. थकण्याआधी थांबा. कामाचे तुकडे करा. भांडी, भाजी, धुणं बसून करा. बरं वाटलं म्हणून साचलेलं काम एका दिवसात काढू नका.

वाढत नसेल, तर श्वासाचे व्यायाम आणि अंगणातल्या फेऱ्यांपासून सुरुवात करा. चालता चालता बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग. एका पायरीवर किमान सात दिवस काढा, मगच पुढची. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तही तपासून घ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय होता. पण रक्त कमी आहे म्हणून बाकीचा आजार नाही, असं मात्र कोणी ठरवू नये.

हे सगळं सांगणं सोपं आहे. हळद काढणीच्या दिवसांत विसावा कोण देणार? बसलं की मजुरी बुडते. ऊसतोडीला जोडीने उचल घेतलेली असते, एकटीने थांबता येत नाही. घरात पडून राहिलं की सासू म्हणते, "सोंग करते." 'विश्रांती घ्या' हा सल्ला पगारी रजा असणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. बाईच्या श्रमाला मोल नाही, म्हणून तिच्या थकव्यालाही मोल नाही.

त्यामुळे हा प्रश्न नुसता औषधाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. पूर्वी आपल्याकडे शेतात इर्जिक करत. एकाच्या वावरात सगळे मिळून राबायचे. तशी इर्जिक आजारी बाईच्या घरी का करू नये? गटातल्या चौघींनी आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. एकीने पाणी, एकीने दळण. आणि नवऱ्याच्या, मुलाच्या वाट्याला घरातलं एक तरी काम कायमचं द्यावं.

दुसरं, सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार फिरल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजला. तशीच एक फेरी पुन्हा हवी, एकाच प्रश्नासाठी: "कोरोनानंतर पहिल्यासारखं काम होतं का?" पण त्या कामाचा मोबदला आशाताईंना मिळाला पाहिजे. आणि तालुक्याच्या दवाखान्यात व्यायामतज्ज्ञ ठरलेल्या वारी यावा. जिल्ह्याला हेलपाटे घालायची ताकद असती, तर ती बाई आजारी कशाला म्हणवली असती?

मी आज उभी राहून बोलते आहे. उद्याचा दिवस मी मोकळा ठेवलाय. पूर्वी हे सांगायची मला लाज वाटायची. आता वाटत नाही. तुमच्या गल्लीत अशी कोणी असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी तिच्या हातातला हंडा घ्या.