फुकट आणि मुक्त
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज रसायनी-मोहोपाडा परिसरात पुष्कळ घरांत संगणक आला आहे. त्यातील प्रोग्राम मात्र बहुधा कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून येतो. "मला फुकट मिळाला, मग दुसऱ्याला द्यायला काय हरकत?" असे आपण सहज म्हणतो.

विकत घेतलेले पुस्तक आपण शेजाऱ्यास देऊ शकतो. प्रोग्राम देणे म्हणजे मात्र त्याची नक्कल करणे, आणि तो हक्क कर्त्याचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रामला साहित्यकृतीचाच दर्जा आहे. बेकायदा नक्कल जाणूनबुजून वापरणाऱ्यास कलम ६३ब प्रमाणे शिक्षा होऊ शकते. कर्ता आपणांस काय करू देतो, हे परवान्यात लिहिलेले असते. आणि आपण तो न वाचताच 'मान्य आहे' ह्यावर बोट ठेवतो.

काही अटी वरून उदार दिसतात. "प्रोग्राम फुकट वाटा, पण त्याचे पैसे घेऊ नका" ही अट पाहा. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा हीच अट घातली होती. पण फ्लॉपीला आणि टपालाला खर्च येतोच. तो घ्यायचा नाही तर वाटणार कोण? १९९२ मध्ये त्याने ती अट काढून जीपीएल हा परवाना स्वीकारला. वाटा, बदला, हवे तर विका. मात्र घेणाऱ्यालाही तेच हक्क आणि मूळ लिखाण द्या, असे तो सांगतो. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आज तेच लिनक्स आहे.

दुसरी अट बदलाची. डॅनियल बर्नस्टाइन ह्यांचा 'क्यूमेल' हा टपालाचा प्रोग्राम कोणीही वापरू शके, पण सुधारलेली प्रत वाटण्याची मुभा नव्हती. लोकांना मूळ प्रत आणि दुरुस्त्या वेगवेगळ्या द्याव्या लागत. २००७ मध्ये कर्त्यानेच हक्क सोडले, तेव्हा ही अडचण संपली.

म्हणजे फुकट आणि मुक्त हे दोन निराळे शब्द आहेत. फुकट वस्तूला किंमत नसते. मुक्त वस्तू पुढे देता येते.

आपल्या भाषांची उदाहरणे घ्या. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले. २०११ पासून ते ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. उर्दूसाठी गूगलचा 'नोटो नस्तालिक उर्दू' त्याच परवान्याखाली मिळतो. नुसता फाँट विकू नये एवढे बंधन पाळून तो शाळेने प्रत्येक मुलास द्यावा, त्यात पत्रिका छापावी. कोणाची परवानगी लागत नाही. लिहिण्या-हिशेबासाठी लिब्रेऑफिसही असेच वाटता येते.

पालकांना माझी विनंती आहे की, चोरीच्या प्रतीवर मुलाचा अभ्यास सुरू करून देऊ नका. मुलगा जे शिकतो त्याची त्याला सवय लागते, आणि उद्या नोकरीत वा धंद्यात त्या सवयीची किंमत त्यालाच मोजावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, प्रोग्राम घेताना परवान्यास तीन प्रश्न विचारा: पुढे देता येतो का? पैसे घेऊन देता येतो का? बदलून देता येतो का? उत्तर 'नाही' असेल तर मित्रालाही नाही म्हणा. उत्तर 'होय' असेल तर उजळ माथ्याने द्या, आणि कर्त्याचे नाव व परवाना त्यासोबत जाऊ द्या.