दाराबाहेरचे आप्त

केंदूरसारख्या गांवाहून अत्यवस्थ रोगी पुण्यास आणला, कीं अतिदक्षता विभागाचें दार लागतें आणि घरची मंडळी बाहेर बांकावर बसून राहते. आंत कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नळी स्वरतंतूंमधून गेलेली असते. म्हणून रोग्यास बोलतां येत नाहीं. भेटीस गेलेल्या मुलास मात्र वाटतें, वडिलांची वाचाच गेली! हें त्यास आधीं सांगणें परिचारिकेचें काम. यंत्राची घंटा वाजली म्हणजे प्राण गेला असें नव्हे, पुष्कळदां एखादी तार केवळ हललेली असते, हेंहि तिनेंच सांगावें. बेशुद्ध दिसणाऱ्यासहि ऐकूं येत असण्याचा संभव असतो. म्हणून शहाणी परिचारिका कूस बदलण्यापूर्वीं त्यास नांवानें हांक मारते. औषधांच्या यादींत ही हांक नसते, इतकेंच.

हांक मारावयास आप्तच जवळ नसतील तर? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथेंच अमानुष हल्ला झाला व मेंदूस कायमची इजा पोंचली. सहकारिणींनीं, आणि त्यांस चालतांबोलतां कधींहि न पाहिलेल्या नव्या मुलींनींहि, ४१ वर्षांहून अधिक काळ त्यांस भरविलें, न्हाऊं घातलें. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दयामरणाची याचिका फेटाळली. अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार त्यानें ह्या सेवकवर्गाचाच मानला. १८ मे २०१५ रोजीं त्या न्यूमोनियानें वारल्या. अंत्यसंस्कारास नातलगांबरोबर रुग्णालयाचे अधिष्ठाताहि उभे होते.