शाळेची पंगत



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षं वाटेनं पंगती बसल्या. आज मी दुसऱ्या एका पंगतीचं बोलतो. ती रोज दुपारी गावच्या शाळेत बसते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तुम्हाला पाठ आहे. दुष्काळ पडला तवा त्यांनी बादशहाचं कोठार भुकेल्यांसाठी उघडलं, आणि देव विठू महार होऊन त्याचा भरणा करायला गेला. आपण टाळ्या वाजवतो अन् घरी जातो.

1972 च्या दुष्काळात मी लेकरू होतो. सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ली. शाळा चौथीतच सुटली. उपाशी पोरगं पाटीवर काय लिहील?

1995 साली सरकारनं शाळेच्या आहाराची योजना काढली. आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तो सगळ्या घराच्या पोटात जायचा, लेकराच्या वाट्याला किती येईल? 2001 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, शिजवून ताटात वाढा. मग खिचडी आली. पहिली ते पाचवीच्या लेकराला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावीच्या पुढं 150 ग्रॅम तांदूळ. जे मायबाप सोंगणीला पहाटेच घर सोडतात, त्यांच्या लेकराला हेच दुपारचं जेवण.

आता माझी चूक सांगतो. खिचडी सुरू झाली तवा शिजवणारी बाई कोणत्या समाजाची, ते मी आधी पाहिलं. माझ्या पोरीला घरून डबा लावून दिला. रात्री कीर्तनात मात्र नाथमहाराजांनी श्राद्धाचं अन्न कोणाला वाढलं, ते गळा काढून सांगितलं! आठ दिवसांनी पोरगी म्हणली, "बाबा, सगळे पंगतीत बसतात, मी एकटीच कोपऱ्यात डबा उघडते." मला रात्रभर झोप लागली नाही. वाळवंटात आपण एकमेकाच्या पाया पडतो, तिथं जात नसते. मग गावात कुठून आली?

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, पोरांच्या रांगेत मांडी घातली. त्या माउलीनं वाढलं, मी खाल्लं. तिला हात जोडले. पोरीचा डबा त्या दिवशी बंद झाला.

म्हणून शंभराव्या वर्षी दिंडीकडं एवढंच मागतो. ज्याच्या मळ्यात भाजी निघते, त्यानं एक पाटी शाळेत द्यावी. घरात वाढदिवस, पुण्यतिथी असली तर शाळेत तिथीभोजन द्यावं. महिन्यातून एकदा तरी जाऊन खिचडीची चव घ्यावी, डाळ पडली का, तांदळात खडे आहेत का, पाणी स्वच्छ आहे का, ते पाहावं. रागवायला नव्हे, आपलं म्हणून पाहायला.

दामाजीपंतांनी कोठार उघडलं. आपल्या गावचं कोठार उघडंच आहे, माउली. राखणदारी आपली.

पुंडलिक वरदे हाऽरि विठ्ठल!